उंदराची टोपी, हत्तीची गोधडी

नाशिकमधल्या सातपूरच्या अशोकनगर भागात टेलरची दुकानं कमी नाहीत. कंपनीच्या युनिफॉर्मची पँट आखूड करायची असो, शाळेचा गणवेश असो, ब्लाउज, पंजाबी ड्रेस किंवा पिको-फॉल असो, सगळी कामं चालू असतात. पण तीन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक शिवून द्याल का, असं विचारलं की टेलरकाका कात्री खाली ठेवतात आणि समजावणीच्या सुरात बोलू लागतात. "ताई, लहान मुलांचं नका सांगू. कापड अर्धा मीटर लागो नाहीतर दोन मीटर, बाह्या दोनच, गळा एकच, काज-बटणंही तेवढीच. मजुरी मात्र कुणी तेवढी देत नाही. रेडिमेड घ्या, स्वस्त पडेल."

हिशेबाच्या दृष्टीनं काकांचं बरोबर आहे. आठवडी बाजारात टांगलेला फ्रॉक त्यांच्या मजुरीपेक्षा कमी पैशांत मिळतो आणि त्याच्या छातीवर कुठल्यातरी कार्टूनचा चेहराही छापलेला असतो. तरीही याच वस्तीत, स्वयंपाकघराच्या दाराशी मांडलेल्या शिवणयंत्रांवर, मुलांचे कपडे शिवले जातात. त्यातले काही थेट पुस्तकातल्या चित्रांवरून बेतलेले असतात. संपादकांनी यंदा 'हातानं केलेलं' हा विषय दिला, तेव्हा मला पहिल्यांदा हे कपडे आठवले. ते कसे होतात ते नीट बघावं म्हणून मी सातपुरात गेले.

"मम्मी, सोंड वर पाहिजे"

सातपूर कॉलनीतलं एक बैठं घर. नवरा कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. बाई घरी ब्लाउज शिवतात. सासूबाई धुळ्याकडच्या, घरात अहिराणी बोलतात. पाच वर्षांची नात इंग्रजी शाळेत जाते आणि शाळेच्या वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक आणते. त्या आठवड्यात तिनं आणला होता एल्मर, डेव्हिड मकी या ब्रिटिश चित्रकाराचा रंगीबेरंगी चौकोनांचा हत्ती. हे पुस्तक पहिल्यांदा १९६८ साली आलं आणि १९८९ मध्ये नव्या रूपात निघालं, तेव्हापासून जगभरातल्या मुलांच्या हातात आहे. इंग्रजीचा गंध नसलेल्या आजीनं मुखपृष्ठ पाहिलं आणि ती म्हणाली, "हत्तीनं गोधडी पांघरलीय की!"

फ्रॉकचं ठरलं ते तिथेच. गोधडीला लागतं ते सगळं घरात होतं. ब्लाउजांचं कातरण पोतंभर, वडिलांचा कॉलर विरलेला निळा शर्ट, मोठ्या भावाच्या गणवेशाचा चौकड्यांचा तुकडा. एल्मरच्या अंगावर नऊ रंग आहेत. पोरीनं ते बोटानं मोजले आणि जांभळा कुठेय म्हणून हटून बसली. कातरणात जांभळा नव्हता. शेवटी आजीनं पत्र्याच्या पेटीतलं जुनं पोलकं काढलं, त्याची एक बाही उसवली आणि हत्तीच्या कानाजवळचा चौकोन त्यातून निघाला.

पुस्तक वाचनालयाचं, त्यामुळे त्यावर कार्बन ठेवून गिरवायची सोय नव्हती. बाईंनी चित्रावर बटर पेपर ठेवून हलक्या हातानं हत्ती उतरवला. तो होता वीतभराहून लहान, आणि फ्रॉकच्या पुढच्या भागावर हवा होता चांगला आठ इंचांचा. मग त्यांनी शिवणवर्गात शिकलेली चौकटींची रीत वापरली. छोट्या चित्रावर अर्ध्या इंचाच्या चौकटी, मोठ्या कागदावर एक इंचाच्या, आणि एकेका चौकटीतली रेघ बघून दुसरीकडे काढायची. हे चालू असताना पोरगी शेजारी उभी राहून देखरेख करत होती. "मम्मी, सोंड वर पाहिजे. खाली नको."

"पुस्तकात खाली आहे ना, बाळा."

"तो खुश आहे. खुश असला की वर करतो."

सोंड वर झाली. मग कागद उलटा करून रेघेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडली. हा झाला खाका. पूर्वी त्यावर रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवत. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून बाईंनी खडूची पूड फडक्यात बांधून खाक्यावर आपटली. कागद उचलला तेव्हा कापडावर ठिपक्यांचा हत्ती उमटला होता.

खरा किचकट भाग यानंतर सुरू होतो. वेगवेगळ्या कापडांचे तुकडे थेट फ्रॉकवर लावले तर टेरिकॉट आटत नाही, सुती आटतं आणि पहिल्या धुण्यात हत्तीला सुरकुत्या पडतात. म्हणून आधी सगळे तुकडे पाण्यातून काढून इस्त्री केले, मग मांजरपाटाच्या पातळ तुकड्यावर चौकोन एकमेकांना भिडवून कच्च्या धाग्यानं टाचले आणि त्यातून अख्खा हत्ती कापला. कडेच्या दशा सुटू नयेत म्हणून भोवती बारीक काजटाका घातला. झिगझॅगचं मशीन असतं तर हे काम चटकन झालं असतं. हाताच्या टाक्यानं दोन दुपारी गेल्या आणि त्या दोन्ही दुपारी पुस्तक टेबलावर उघडंच होतं. शाळेतून आणलेली पुस्तकं या घरात एरवी एका बैठकीत वाचून संपतात. या पुस्तकातल्या हत्तीचा डोळा कुठे आहे, शेपटीच्या टोकाला कुठला रंग आहे, तो कुणाकडे बघतोय, हे सगळं आईला आणि लेकीला आता पाठ आहे. मी सातपुरात जे पाहिलं त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे. कापड कापायचं म्हटलं की चित्र जितकं बारकाईनं बघावं लागतं, तितकं एरवी कुणी बघत नाही.

डोकं मोठं, अंग लहान

मुलांचे कपडे म्हणजे मोठ्यांच्या कपड्यांची लहान आवृत्ती, असा समज असतो. सातपुरातल्या एका शिवणवर्गाच्या मॅडम नव्या मुलींच्या डोक्यातून तो पहिल्या दिवशीच काढून टाकतात. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४८ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ १९ इंच असतो आणि छातीही जवळपास तेवढीच. तान्ह्याचं डोकं तर छातीहून मोठं. मोठ्यांच्या बेतानं गळा कापला तर कपडा डोक्यात अडकतो आणि मूल किंचाळतं. म्हणून एकतर खांद्यावर बटणं, नाहीतर पाठीत चीर.

चित्राचा कपडा असेल तर पाठीत चीर हाच उपाय उरतो. समोर बटणपट्टी आली की हत्तीचे दोन तुकडे होतात. छापील चित्राचं कापड घेतलं तर आणखी एक अडचण असते. साध्या कापडात कापताना तुकडे उलटसुलट बसवून कापड वाचवता येतं. ज्यातले सगळे ससे एकाच दिशेला उभे आहेत अशा कापडात तसं केलं तर पाठीवरचे ससे डोक्यावर उभे राहतात. त्यामुळे कापड जास्त लागतं आणि शिवणारी नवखी असेल तर ते ऐन वेळी कमी पडतं.

मग वाढ. दुसऱ्या वर्षात मूल सुमारे १२ सेंटीमीटर उंच होतं, पुढे दरवर्षी ६-७. ज्या फ्रॉकसाठी दोन दुपारी घातल्या तो सहा महिन्यांत आखूड झाला तर जीव हळहळतो. जुन्या बायका परकराच्या घेरात आडवे टक घालायच्या आणि मुलगी वाढली की एकेक टक उसवायच्या. मॅडम हीच युक्ती शिकवतात. वरून त्या असंही सांगतात की टकाची जागा चित्रातच शोधा. पाण्याच्या लाटा, नांगरलेलं शेत, जिन्याच्या पायऱ्या, यातलं काहीही टकांनी दाखवता येतं आणि उंची वाढली तरी चित्र बिघडत नाही.

मॅडमनी मला एक झबलं उलटं करून दाखवलं. समोरून पाहिलं तर चांदणीखाली झोपलेलं सुंदर मांजर, आणि आतून गाठी, दोऱ्याची टोकं, बकरमाची कडा. "मूल कपडा काढून का फेकतं ते आतून बघितलं की कळतं," त्या म्हणाल्या. नाशिकच्या उन्हाळ्यात घाम आला की हे सगळं टोचतं. म्हणून भरतकामाच्या मागे जुन्या मऊ धोतराचं किंवा मलमलीचं अस्तर लावायचंच. प्राण्यांचे डोळे म्हणून बटणं लावायला सगळ्यांना आवडतं, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या कपड्यावर ती नकोत. सैल झालेलं बटण थेट तोंडात जातं आणि घशात अडकू शकतं. डोळा रेशमानं भरावा. टोपीला किंवा गळ्याला लांब नाडीही लावू नये. ती घसरगुंडीत, झोक्यात अडकते. मॅडम एरवी हसऱ्या आहेत, पण या दोन गोष्टींवर कुणाचंही ऐकून घेत नाहीत.

लंडनच्या बाई आणि मखमली सूट

चित्रातले कपडे मुलांच्या अंगावर येण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट लंडनची आहे. केट ग्रीनअवे या चित्रकर्तीचं 'अंडर द विंडो' हे पुस्तक १८७९ साली निघालं. तिच्या चित्रांतल्या मुलींच्या अंगात उंच कमरेचे, सैल, पायघोळ झगे आणि डोक्यावर झालरीच्या टोप्या असत. ही तिच्या काळातली नव्हे, त्याच्या बऱ्याच आधीची फॅशन होती. पण आयांना ती इतकी भावली की लंडनचं लिबर्टी हे प्रसिद्ध दुकान त्या धर्तीचे मुलांचे कपडे विकू लागलं. मला यातला आणखी एक तपशील फार आवडतो. ग्रीनअवेच्या आईचं मुलांच्या कपड्यांचं आणि लेसचं दुकान होतं, आणि चित्रासाठी मुलं समोर बसवायची तर ती त्यांच्यासाठी कपडे स्वतः शिवून घेई. म्हणजे आधी सुई चालली, मग कुंचला, आणि नंतर हजारो घरांत पुन्हा सुई.

दुसरी गोष्ट तितकी सुखाची नाही. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय' ही कादंबरी १८८६ मध्ये पुस्तकरूपानं आली. त्यात रेजिनाल्ड बर्च यांनी काढलेला नायक काळ्या मखमलीच्या सूटमध्ये, रुंद लेसच्या कॉलरसह उभा होता. अमेरिकेतल्या आयांनी तो सूट हौसेनं शिवून आपल्या मुलग्यांना घातला. मुलांना तो अजिबात आवडला नाही. चित्र आईला आवडलं होतं, मुलाला कुणी विचारलंच नव्हतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण आजही हेच करतो. वेशभूषा स्पर्धा आली की भाड्याच्या दुकानातून शिवाजी महाराज, झाशीची राणी, वारकरी, भाजीवाली यांचे पोशाख येतात. सॅटिन टोचतं, मिशी गळते, दोन वाक्यं पाठ करवून मुलाला मंचावर ढकलतात आणि दुसऱ्या दिवशी पोशाख परत जातो. मुलानं त्यात काय बघितलं, काय निवडलं? सोंड वर हवी म्हणणाऱ्या पोरीचा फ्रॉक रोज अंगात असतो, खेळताना मळतो, धुतला जातो. त्यातली निवड तिची आहे, म्हणून तो तिचा आहे.

धोबी, रंगारी, शिंपी

आपल्याकडे मुलांना सांगायच्या गोष्टींत शिवणकाम फार पूर्वीपासून आहे. उंदराच्या टोपीची गोष्ट घ्या. उंदराला एक चिंधी सापडते. तो धोब्याकडे जाऊन ती धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, तिला गोंडे लावून घेतो आणि मग ढोल वाजवत राजासमोर जातो. राजाचा भाग आपल्या लक्षात राहतो. शिवणाऱ्या बाईनं मात्र आधीचा भाग ऐकावा. कापड आधी पाण्यातून काढा, मग रंग बघा, मग कापा, शिवा, आणि सजावट सगळ्यात शेवटी. लाल सुती कापड न धुता पांढऱ्यावर लावलं की पहिल्याच धुण्यात फ्रॉक गुलाबी होतो, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना उंदराचा क्रम चुकीचा वाटणार नाही. अशोकनगरच्या एका शिवणवर्गात मी लाल गोंड्यांची उंदराची टोपी पाहिली. छोट्या भाच्यासाठी मुलीनं ती खणाच्या तुकड्यातून शिवली होती.

बाळंतविड्याची परंपराही आपलीच. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लाळेरं, सगळं घरी शिवलेलं, जुन्या सुती साडीतून, कारण नव्या कापडाची खळ बाळाला टोचते. कुंचीला जरीचा काठ लागे, दुपट्याच्या कोपऱ्यात मोर किंवा कोयरी भरली जाई. पुढे संक्रांतीला बोरन्हाणाचं काळं झबलं येतं. सातपूरच्या घरगुती शिवणकामाला जानेवारीत सगळ्यात जास्त मागणी असते ती याचीच. काळ्या कापडावर पांढऱ्या रेशमानं चंद्र, चांदण्या, पतंग. इथे चित्रपुस्तक सहज शिरतं. रात्रीचं कुठलंही पान उघडावं, काळं कापड तयारच असतं.

पण चित्रं कुठली घ्यायची? सातपूरच्या प्रत्येक मराठी शाळकरी घरात एक चित्रपुस्तक हमखास असतं, ते म्हणजे पहिलीचं बालभारतीचं पाठ्यपुस्तक. त्याकडे आपण अभ्यासाचं म्हणून बघतो आणि त्यातली चित्रं विसरतो. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं तर मला या कामासाठी सगळ्यात जवळची वाटतात. 'राधाचं घर'मधली माणसं आपल्यासारखेच कपडे घालतात, आणि लेखिकेनं चित्रं स्वतःच काढल्यामुळे शब्दांत नसलेलं बरंच काही त्या चित्रांत असतं. अशा पुस्तकावरून शिवायला परीचा झगा लागत नाही. खिसा कुठे, काठ कोणता, बाही किती दुमडलेली, एवढं पकडलं तरी मूल ओळखतं.

उलटा प्रवासही झाला आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या आयआयटीत शिकवलेल्या नीना सबनानी यांनी फाळणीच्या काळातल्या दोन मित्रांची 'मुकंद अँड रियाझ' ही गोष्ट सांगताना सिंधमधल्या बायकांच्या कापडी तुकडेकामाचा आधार घेतला. त्याची आधी फिल्म झाली, मग तूलिका प्रकाशनानं पुस्तक काढलं. 'माय मदर्स सारी' या संध्या राव यांच्या पुस्तकात सबनानींनी खऱ्या साड्या पानांवर पसरल्या आणि त्यांच्या अवतीभवती मुलं खेळताना दाखवली. पुढे कच्छमधल्या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांनी आपली आयुष्यं सुईनं सांगितली आणि त्यातून फिल्म व पुस्तक झालं. ज्या बाया स्वतःला 'नुसतं शिवणकाम करते' असं म्हणतात, त्यांना ही पुस्तकं आवर्जून दाखवायला हवीत. शिवणवर्गातल्या मुलींनी 'मुकंद'ची पानं पाहिली तेव्हा पहिला प्रश्न टाक्यांबद्दल आला आणि लगेच दुसरा गोष्टीबद्दल.

मजुरी आणि परवानगी

हौस झाली, पण यातून पोट भरतं का? आज तरी नाही. चित्राचा एक फ्रॉक शिवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन साधे ब्लाउज होतात. ज्या बायका असे कपडे विकतात त्या साधा फ्रॉक आधी शिवून ठेवतात आणि चित्राचा तुकडा वेगळा बनवून वर लावतात. मग एकच हत्ती फ्रॉकवर, उशीच्या अभ्र्यावर, दप्तराच्या पिशवीवर जातो आणि मजुरी थोडी तरी सुटते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. झिगझॅग मशीनचं स्वप्न बघणाऱ्या बाईनं त्याची चौकशी जरूर करावी.

विकायचं ठरलं की मात्र परवानगीचा प्रश्न येतो आणि तो टाळू नये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. लेकीसाठी घरी एक फ्रॉक शिवणं वेगळं आणि एल्मरचे पन्नास फ्रॉक शिवून प्रदर्शनात मांडणं वेगळं. चित्रकारांनाही मजुरी मिळायला हवी, हे मजुरीसाठी झगडणाऱ्या शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. त्यावर एक चांगला मार्ग आहे. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं खुल्या परवान्यानं ठेवलेली आहेत. लेखक-चित्रकाराचं नाव दिलं की ती चित्रं वापरता येतात, बदलता येतात, त्यावरून केलेली वस्तू विकताही येते. त्यात मनूच्या लाल रेनकोटची गोष्ट आहे. नवा रेनकोट मिळालेला मनू पावसाची वाट बघत राहतो. सातपूरच्या पावसात ती गोष्ट वाचून आईकडे लाल रेनकोट मागणार नाही असं मूल विरळा. कपड्याच्या आतल्या पट्टीवर चित्रकाराचं नाव धाग्यानं लिहिलं की परवान्याची अटही पाळली जाते आणि मुलालाही कळतं की चित्र कुणीतरी काढलेलं असतं.

पुस्तक कुठून आणायचं

या सगळ्यात सर्वांत कमी काय आहे, तर पुस्तकं. कातरण आहे, मशीन आहे, हात आहेत. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, ज्याला नाशिककर सावाना म्हणतात, शहराच्या मध्यभागी आहे. पाळीवरून आलेल्या माणसानं पोरांना घेऊन तिथे जायचं म्हणजे सुट्टीचाच दिवस लागतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमानं २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत नेऊन ठेवल्या. विनायक रानडे यांनी उभी केलेली ही कल्पना नाशिकचीच. अशी एक पेटी शिवणवर्गात ठेवली तर? तिथे दररोज आया येतात, त्यांच्यासोबत शाळेत न जाणारी लहान मुलं येतात, आणि आई टीप मारत असताना त्यांना करायला काही नसतं. चित्रपुस्तकाला याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

मोठ्या योजनेची वाट बघायची गरज नाही. शिवणवर्ग चालवणाऱ्या मॅडमनी एक फळी रिकामी करावी, आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांनी सामाजिक कामाच्या निधीतून वह्या वाटतात तशी मराठी चित्रपुस्तकं घेऊन द्यावीत. आणि वाचकहो, तुमच्या घरातली मुलं मोठी झाली असतील तर त्यांची चित्रपुस्तकं रद्दीत घालू नका. पानं निसटली असतील तर शिवून घ्या आणि जवळच्या शिवणवर्गात नेऊन द्या. जाताना ओळखीच्या टेलरकडून कातरणाची एक पिशवीही मागून न्या.